दुसरी किल्ली

प्रयोगशाळेत तिला सगळे डिंकताई म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं पलीकडच्या खोलीतल्या वीजवाल्याने. त्याचं कारण आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे घोळ नको. मेंदूत मुख्यतः दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक चेतापेशी. ह्या विजेच्या बारीक झटक्यांनी निरोप धाडतात, म्हणून सगळं जग त्यांचं कौतुक करतं. दुसऱ्या आधारपेशी, चेतापेशींच्या आजूबाजूला दाटीवाटीने बसलेल्या. फार पूर्वी शहाण्या माणसांनी ठरवून टाकलं की ह्या नुसत्या डिंकासारख्या, चेतापेशी जागच्या हलू नयेत म्हणून मध्ये भरलेल्या. तसं नाही हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण एकदा चिकटलेलं नाव सुटतं थोडंच. वीजवाला केसाहून बारीक काचेच्या नळीने चेतापेशींची वीज मोजायचा, डिंकताई आधारपेशींच्या मागे लागलेली. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागली होती, त्यामुळे अरेतुरे आणि एकमेकांची टर उडवणं हक्काचं होतं.

दोन वर्षांपूर्वी डिंकताईला एक गोष्ट दिसली होती. डिशमध्ये वाढवलेल्या पेशी ती सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसली होती. त्या पेशींत एक रंग सोडलेला असतो. पेशीत कॅल्शियम वाढलं की तो उजळतो. एक चेतापेशी चमकली. मग तिच्या शेजारची तारापेशी, म्हणजे चांदणीसारखे हातपाय पसरून बसलेली आधारपेशी, सावकाश उजळली. इथपर्यंत नवल काही नाही, एवढं पुष्कळांनी पाहिलेलं. पण त्यानंतर क्षणभराने पलीकडची दुसरी चेतापेशी, जी तोवर निरोप ऐकून न ऐकल्यासारखी पडून होती, ती लख्ख उजळली. म्हणजे तारापेशीने चेतापेशीचं बोलणं नुसतं ऐकलं नव्हतं. तिने मध्ये पडून काहीतरी केलं होतं, म्हणून तो निरोप पुढे पोचला होता.

डिंकताईने ते आठवडाभर पुन्हा पुन्हा पाहिलं, स्वतःला चिमटा काढून पाहिलं, आणि शुक्रवारच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, इतके खूश झाले की त्यांनी बाहेरच्या चार मोठ्या लोकांना कळवून टाकलं. आता हेच नीट, पद्धतशीर करून दाखवा, असं सगळे म्हणाले. तिने कंबर कसली. नवे चिमटे, नव्या डिश, नवा पंप, सगळं मागवून घेतलं. आणि मग तेच पुन्हा दाखवायला गेली, तर काही केल्या दिसेना. तारापेशी उजळायची, पण पलीकडची चेतापेशी ढिम्म. सहा महिने गेले, वर्ष गेलं. तारापेशीचं उजळणं रोज बघून बघून तिला त्याचा राग यायला लागला. घरात कुणी उगाच दिवा चालू ठेवून जावं तसा तो राग होता.

घरी वेगळीच पंचाईत. तिच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात अख्ख्या जिन्याला सांगून ठेवलं होतं की आमच्या सुनेने मेंदूतलं काहीतरी शोधून काढलंय. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय, ते मेंदूचं झालं का?" डिंकताई "होतंय, होतंय" म्हणत दोन दोन पायऱ्या एकदम चढायची. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघी सासवासुनाच. सासूबाई ताट वाढता वाढता रोज विचारायच्या, "दिसलं का गं?" आणि ही मान हलवायची.

मग कधीतरी जिन्यातली माणसं विचारायची थांबली. आधी तिला बरंच वाटलं. पण त्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंनीही विचारणं सोडलं. त्या भाजीचं बोलायच्या, नळाचं बोलायच्या, पण ते नाही. हे मात्र डिंकताईच्या जिव्हारी लागलं. बाहेरच्यांचं सोडा, घरातल्या माणसानेच आपल्यावर पाणी सोडलं, असं तिला वाटलं. मग तीही भाजीचं आणि नळाचंच बोलायला लागली. दुसरं बोलण्यासारखं तिच्याकडे होतं तरी काय?

अशातच एका सोमवारी सरांनी तिला बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते, तेच तर अवघड होतं. वाईट माणसावर निदान चिडता येतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं, आणि म्हणाले, "हे बघा, अशा गोष्टी होतात. डोळ्यांना भास होतो, यंत्र दगा देतं. येत्या शुक्रवारच्या बैठकीत उभं राहून सांगून टाका, की ते तेव्हा चुकून दिसलं होतं. मोकळ्या व्हाल."

"आणि माझी खोली?"

"ती वीजवाल्यांना देऊ. त्यांना जागा कमी पडतेय. तुम्ही सूक्ष्मदर्शकांची देखभाल बघा, त्यालाही जाणकार माणूस हवंच आहे."

खोली जाणार ह्याचं तिला दुःख झालंच, पण खरं बोचलं ते दुसरंच. चुकून दिसलं होतं, असं आपल्या तोंडाने म्हणायचं. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास स्वतःच काढून घ्यायचा. आणि ती मनात कबूल करत होती की हल्ली तिलाही खात्री वाटेनाशी झाली होती. खरंच दिसलं होतं का? की दिसावं असं फार वाटत होतं म्हणून दिसलं? हे एकदा मनात शिरलं की माणूस पुढे कसला शोध घेणार.

त्यात भर म्हणून बुधवारी नवा पंप बंद पडला. डिशमधल्या पेशी जिवंत राहायच्या तर त्यांच्यावरून ताजं खारं पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं, ते काम पंपाचं. हा नवा पंप तिने हौसेने निवडून आणला होता. आवाज नाही, धक्का नाही, धार अगदी एकसारखी. तोच मेला. भांडारातल्या माणसाने तो उलटा करून पाहिला आणि सांगितलं, दुरुस्तीला जाईल तो पुढच्या महिन्यात येईल. "तोवर तुमचा म्हातारा घेऊन जा की. आहे अजून फळीवर."

म्हातारा म्हणजे तिचा जुना पंप. रबरी नळीवरून रूळ फिरवून तो पाणी पुढे ढकलायचा, आणि ढकलताना दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. नवा आला तेव्हा त्याला तिनेच भांडारात घालवलं होतं. आता तोच काखोटीला मारून ती खोलीत आली, त्याच्यावरची धूळ पुसली आणि नळ्या जोडल्या. वेगाचा आकडा नेहमीचाच ठेवला. उपयोग काही नाही हे माहीत होतं, पण डिश तयार होती आणि पेशींनी काय घोडं मारलं होतं तिचं?

एवढ्यात दारावर टकटक करून वीजवाला आत आला. हातात मोजायची फीत. त्याचं टेबल म्हणजे भला थोरला दगडी ठोकळा होता, तो ह्या खोलीत मावतो का हे त्याला बघायचं होतं. तो दारातच अडखळला.

"नंतर येऊ का?"

"आत्ताच मोज," डिंकताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "नाहीतरी वारस काही माणूस मरायची वाट बघत थांबत नाहीत."

"अगं, मी मागितली नव्हती तुझी खोली."

"नको म्हणालास का?"

वीजवाला गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने फीत सोडायला लागला. म्हातारा धापा टाकत होता. डिंकताईने एका चेतापेशीला हलकासा झटका दिला. ती चमकली. शेजारची तारापेशी तिच्या सवयीने सावकाश उजळली. डिंकताईने कंटाळून जांभई दिली, आणि जांभई अर्धी असतानाच पलीकडची चेतापेशी लख्ख उजळली.

ती जागच्या जागी थिजली. पुन्हा झटका दिला. पुन्हा तेच. पहिली, मग तारापेशी, मग दुसरी. दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं ते, जसंच्या तसं.

"इकडे ये," ती म्हणाली.

वीजवाला फीत तशीच टाकून उठला. तिने तिसऱ्यांदा दाखवलं, चौथ्यांदा दाखवलं. तो स्क्रीनवर वाकला आणि म्हणाला, "आज वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही. पंप बंद पडला म्हणून म्हातारा लावला."

"आकडा?"

"तोच. नेहमीचाच."

आणि हे म्हणता म्हणता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने नळीचं टोक डिशमधून काढून एका बाटलीत धरलं आणि घड्याळ लावलं. आकडा तोच होता, पण म्हाताऱ्याचे रूळ झिजलेले. तो आकड्यावर सांगायचा एक आणि पाणी ओढायचा त्याच्या निम्मंही नाही. नवा पंप मात्र सांगेल तेवढं ओढणारा, प्रामाणिक. दोन वर्षं ती आकडा जुळवून निश्चिंत होती, आणि डिशवरून पाणी धो धो वाहत होतं.

पाणी जोरात वाहिलं तर बिघडतं काय, हे समजायला ती दुसरी चेतापेशी जवळून बघावी लागते. तिच्या अंगावर निरोप घ्यायची बारीक कुलपं असतात. त्यातलं एका जातीचं कुलूप बँकेच्या लॉकरसारखं आहे, दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. पहिली किल्ली पहिली चेतापेशी धाडते, तिचं नाव ग्लुटामेट. दुसरी किल्ली म्हणजे डी-सेरीन नावाचा एक चिमुकला रेणू. डिंकताईचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं की ही दुसरी किल्ली तारापेशी देते. ग्लुटामेट तिच्यापर्यंतही पोचतं, तिच्यात कॅल्शियम वाढतं, आणि मग ती थोडं डी-सेरीन बाहेर सोडते. पण सोडते ते अगदी चिमूटभर. ते कुलपापर्यंत पोचायच्या आत वरून पाण्याचा लोंढा आला तर ते वाहून जाणार, नाही तर काय होणार?

"दोन वर्षं," डिंकताई म्हणाली, "मी रोज सकाळी ह्या तारापेशीला प्रश्न विचारत होते, आणि हिने दिलेलं उत्तर धुऊन टाकत होते." आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने बाहीने पुसले.

वीजवाला मात्र असा सहजी पाघळणारा नव्हता. "थांब. तुझा म्हातारा नुसता हळू नाही, तो धक्केही देतो. पेशी हादरून उजळत असतील तर? आणि दुसरं सांगू? तुला हे दिसायला हवंय. शुक्रवार तोंडावर आलाय. तुझ्या जागी मी असतो तर मलाही दिसलं असतं."

हे तिला झोंबलं, पण खोटं नव्हतं. रोज आरशासमोर ती हेच तर स्वतःला विचारत होती. "मग कर उपाय," ती म्हणाली.

उपाय सरळ होता. एक एन्झाइम असं असतं की ते नेमकं डी-सेरीनच फस्त करतं, बाकी कशाला तोंड लावत नाही. काही डिशमध्ये ते घालायचं. बाकीच्यांत तेच, पण उकळून निकामी केलेलं. पंप सगळीकडे तोच, धापाही त्याच. डिंकताईला कुठल्या डिशमध्ये काय आहे ते कळता कामा नये. तिने फक्त बघायचं आणि सांगायचं, उजळली की नाही. कुपीत काय आहे हे एकट्या वीजवाल्याला ठाऊक.

इथे ती क्षणभर घुटमळली. ज्याला आपली खोली मिळणार त्याच्याच हातात आपली मान द्यायची. त्याने दोन कुपींची अदलाबदल केली तरी कोणाला कळणार होतं? वीजवाल्याच्याही ते ध्यानात आलं. तो फीत गुंडाळत म्हणाला, "दुसरं कुणी बघ हवं तर. मी रागावणार नाही."

डिंकताईने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने तिची टर उडवली होती, नावं ठेवली होती, तिचा डबा न विचारता खाल्ला होता. आकडा मात्र त्याने कधी खोटा लिहिलेला तिला आठवेना.

"तूच कर," ती म्हणाली.

गुरुवारी दिवसभर दोघं त्या खोलीत होती. वीजवाला पाठ करून कुप्या भरायचा, डिशवर रंगीत ठिपका लावायचा आणि पुढे सरकवायचा. ती झटका द्यायची, बघायची आणि सांगायची. उजळली. नाही उजळली. नाही. उजळली. एका डिशपाशी ती बराच वेळ अडून बसली.

"हिचं मला सांगता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "अर्धवट उजळल्यासारखी वाटते, पण शपथेवर नाही सांगणार."

"मग तसंच लिहितो," तो म्हणाला. त्या एका वाक्याने तिला इतका धीर आला, की पुढच्या डिश तिने न अडखळता पाहिल्या.

संपल्यावर वीजवाल्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. जिवंत एन्झाइम होतं तिथे तिथे पलीकडची चेतापेशी गप्प होती. उकळलेलं होतं तिथे उजळली होती. त्या एका अडलेल्या डिशशिवाय कुठेही चूक नव्हती. त्यानंतर त्याने गप्प राहिलेली एक डिश घेतली, एन्झाइम धुऊन काढलं आणि बाटलीतलं डी-सेरीन थेंबभर घातलं. झटका दिला. पेशी उजळली. किल्ली बाहेरून आणून दिली तरी कुलूप उघडत होतं.

डिंकताईला वाटलं, आता तो काहीतरी थट्टा करणार. पण तो खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत बसला होता. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं रे?"

"माझा पंप," तो म्हणाला, "तुझ्या त्या नव्यापेक्षाही जोरात चालतो."

तिला कळायला वेळ लागला नाही. ती त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

शुक्रवारी बैठकीची खोली भरलेली होती. काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे जो तो तिची नजर चुकवत होता. सरांनी हळुवारपणे म्हटलं, "ताई, तुम्हाला काही सांगायचंय ना?"

डिंकताई उभी राहिली. "हो. मागे मी जे दाखवलं होतं, त्यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मी चांगला पंप आणला." कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग तिने सगळं सांगितलं. झिजलेले रूळ, वाहून गेलेलं डी-सेरीन, ठिपक्यांच्या डिश, आणि ती अडलेली डिशसुद्धा. कुप्या कुणी भरल्या हेही सांगितलं.

सर वीजवाल्याकडे वळले. ह्यात खोली कुणाला मिळणार हे त्यांच्याही डोक्यात असणारच. "तुमची खात्री आहे?"

वीजवाला उठला. एरवी हा माणूस उभा राहिला की काहीतरी चुरचुरीत बोलायचा. आज त्याने आधी पाण्याचा घोट घेतला. "माझी खात्री आहे. आणि आणखी एक सांगायचंय. मी आजवर जेवढ्या चेतापेशी मोजल्या त्या सगळ्या जोराच्या धारेखाली मोजल्या. ह्या पेशी कमी बोलतात असं मी लिहीत आलो. त्या कमी बोलत नसतील. मीच त्यांच्या तोंडावर पाणी मारत होतो. मला बरंचसं काम पुन्हा करावं लागेल." तो थांबला. "खोली तिची तिलाच राहू द्या. मला भांडारात आणखी एखादा म्हातारा मिळतो का तेवढं बघा."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाले, "दोघांनी मिळून करा." एवढंच. पण बैठक संपल्यावर ते डिंकताईपाशी आले आणि भास हा शब्द मी वापरायला नको होता, असं सरळ म्हणाले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनी झाडांना पाणी घालत होत्या. त्या हसल्या आणि बाजूला झाल्या. नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. डिंकताई दोन पायऱ्या चढली, थांबली, आणि मागे वळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही हल्ली विचारत नाही ते मेंदूचं?"

वहिनींनी जीभ चावली. "कसं विचारणार? तुमच्या सासूबाईंनी मागे प्रत्येकाच्या दारात जाऊन दम भरलाय. म्हणाल्या, पोरगी करतेय, तिला घाई करायची नाही. कुणी विचारलंत तर माझ्याशी गाठ आहे. मग म्हणाल्या, मी स्वतःसुद्धा विचारणार नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

डिंकताईला तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं, आणि ती बसली. मोडक्या गुडघ्यांनी सासूबाई एकेक मजला उतरल्या होत्या, दारोदार गेल्या होत्या, आणि घरी येऊन भाजीचं बोलल्या होत्या. आणि इतके दिवस ती ते गप्प राहणं काय समजून बसली होती. तिला लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं.

वर दार उघडंच होतं. सासूबाई टेबल पुसत होत्या. "आलीस? नळवाला येऊन गेला. वॉशर बदलायला हवा म्हणतो."

"आई," डिंकताई चपला न काढताच म्हणाली, "दिसलं."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे नीट निरखून पाहिलं, मग फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "मला कुठे शंका होती," त्या म्हणाल्या. डिंकताईने पुढे होऊन त्यांना मिठीच मारली. दोघींना तशी सवय नव्हती, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं झालं, तरी कुणी आधी सोडलं नाही.

मग सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "आता सांगू का सगळ्यांना?"

"सांगा."

ती हातपाय धुऊन येईपर्यंत सासूबाई घरात नव्हत्या. खालच्या मजल्यावरून त्यांचा आवाज येत होता, आणि त्या मोठमोठ्याने कुणाला तरी तारापेशी म्हणजे काय ते समजावून सांगत होत्या.